ॲसिडिटीची गोळी मागणाऱ्याला काय विचारायचं: ऑफिसातला मानसिक प्रथमोपचार

आमच्या कंपनीतल्या प्रथमोपचार पेटीची किल्ली गेली १९ वर्षं माझ्याकडे आहे. मी टाइम ऑफिसला. मस्टर, पंचिंग, गेटपास, लेट मार्क हे माझं काम. पेटी त्याच्याबरोबर गळ्यात पडली. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे दर १५० कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागायचा. म्हणून साहेबांनी मला एकदा कोर्सला पाठवलं, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं, आणि तेव्हापासून नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या शेडमध्ये कुणाचं बोट कापलं की माझ्या नावाने हाक येते.

पेटीबरोबर एक नोंदवही असते. तारीख, नाव, काय झालं, काय दिलं. तीन वर्षांपूर्वी ती वही चाळताना डिस्पॅचच्या एका भाऊंचं नाव मला सात आठवड्यांत २३ वेळा सापडलं. सगळीकडे एकच मजकूर: 'ॲसिडिटी, गोळी दिली'. प्रत्येक ओळीपुढे सही माझी. वही चाळायची वेळ आली ती ते भाऊ कामावर यायचे बंद झाले तेव्हा. घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, दोन महिने रात्रीची झोप नाही, जेवण धड नाही, मुलांशी बोलणं नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. आणि मी रोज त्यांच्या हातावर गोळी ठेवत होतो. एकदाही विचारलं नाही, की भाऊ, ही रोज का लागते?

भाऊ आज बरे आहेत, दुसरीकडे नोकरीलाही लागलेत. पण पुढच्या वर्षी मानसिक प्रथमोपचाराच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नावं मागवली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या ट्रेनिंगला आपणहून हात वर केला. आता वर्षातून दोनदा मी आमच्याच ऑफिसातल्या लोकांना अडीच तास बसवतो. सर्टिफिकेट वगैरे देत नाही, ते माझं काम नाही. पहिल्या बॅचला जिल्हा रुग्णालयातल्या एक समुपदेशक ताई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या, त्या पुढे येतीलच. तुमच्या ऑफिसात कुणाला असं काही सुरू करायचं असेल तर मी काय करतो ते लिहून ठेवतो.

कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातली. बेटी किचनर या परिचारिका आणि शिक्षिका. त्यांना स्वतःला नैराश्याचा अनुभव होता. त्यांचे पती टोनी जॉर्म मानसिक आरोग्याचे संशोधक. दोघांनी २००० साली कॅनबेरात हे प्रशिक्षण सुरू केलं. हाताला लागलं तर पट्टी कशी बांधायची हे शाळेत शिकवतात, मग मनाला लागलं तर काय करायचं हे साध्या माणसाला का शिकवू नये, एवढाच मुद्दा. त्यांनी पाच कामं सांगितली आहेत: जवळ जा आणि जिवाला धोका आहे का बघा, ऐका आणि न्याय करत बसू नका, धीर द्या आणि खरी माहिती द्या, तज्ज्ञाकडे जायला मदत करा, घरचे-मित्र असा बाकीचा आधार जोडून द्या. हाड मोडलं तर मी फळी बांधतो, हाड बसवत नाही. इथेही तेच.

बॅच कशी भरायची

एका वेळी १२ ते १५ माणसं, जास्त नकोत. साहेब आणि त्यांच्या हाताखालची माणसं एका बॅचला बसवू नका. पहिल्या वेळी मी ही चूक केली. पर्चेसचे मॅनेजर पुढच्या रांगेत आणि त्यांचे तीन क्लार्क मागे. अडीच तासांत क्लार्कांनी तोंड उघडलं नाही, मॅनेजरांनी बंद केलं नाही.

प्रत्येक मजल्यावर शेवटी दोन माणसं तयार व्हायला हवीत, त्यातली एक बाई हवीच. अकाउंट्समधली ताई रडत असेल तर तिला माझ्यापाशी बोलावंसं वाटेलच असं नाही, आणि वाटावं असा माझा हट्टही नाही. निवडताना बोलघेवडी माणसं टाळा. ऑफिसात एखादा माणूस असतोच, ज्याच्या टेबलापाशी लोक विनाकारण दोन मिनिटं थांबतात. तो हवा.

तारीख मार्च एंडच्या आधीची धरा. मार्चमध्ये माणसं खुर्चीला चिकटलेली असतात आणि गरज मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त.

आधी ऐकायचे शब्द

'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत आमच्याकडे कोणी येत नाही. आपल्याकडे मनाचं दुखणं शरीराच्या वाटेने बाहेर येतं. मी फळ्यावर शब्द लिहायला लावतो, आणि पाच मिनिटांत फळा भरतो: जीव घाबरा होतो, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, कशातच मन लागत नाही, अन्न गोड लागत नाही, डोकं सुन्न झालंय, नुसतं पडून राहावंसं वाटतं. यातला एखादा शब्द एखाद्या दिवशी कोणीही बोलतो. तोच शब्द त्याच माणसाकडून दोन आठवडे रोज ऐकू आला, आणि त्याच्या कामात, झोपेत, वागण्यात फरक दिसला, तर उठायचं आणि त्याच्यापाशी जायचं.

मस्टरही बोलतं. कधी उशीर न करणाऱ्याला महिन्यात सहा लेट मार्क, दर सोमवारी दांडी, डबा न उघडता परत, संध्याकाळी सगळे निघून गेल्यावरही स्क्रीनसमोर बसून राहणं. पण इथे एक सांगून ठेवतो. मस्टर माझ्या हातात आहे म्हणून मी कुणाच्या मागावर राहत नाही. दिसलं तर माणसाला विचारायचं, साहेबाला यादी नेऊन द्यायची नाही.

कुठे बसायचं

केबिनमध्ये नाही; आमच्या केबिनी काचेच्या आहेत, आत कोण रडतंय ते शिपायालाही दिसतं. चहाच्या टपरीवर नाही, तिथे अर्धी एमआयडीसी असते. कॅन्टीनच्या मागे एक बाकडं आहे, जेवणाची सुट्टी संपल्यावर तिथे कोणी नसतं. मी तिथे नेतो, समोरासमोर न बसता शेजारी बसतो. समोर बसलं की चौकशी वाटते.

सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीने करा. 'तुम्हाला काय झालंय?' असं विचारलं की 'काही नाही' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा: 'भाऊ, दोन आठवडे बघतोय, तुम्ही डबा तसाच परत नेता. बरं वाटत नाही का?' वयाने मोठे असतील तर तुम्ही, बरोबरीचे असतील तर नेहमीसारखं तू. रोज अरे-तुरे करणाऱ्या मित्राला त्या दिवशी अचानक 'आपण' म्हणालात तर तो घाबरेल.

पहिल्या वाक्याला 'काही नाही' आलं तर भांडू नका. 'बरं. मी आहे इथे,' म्हणून उठा आणि तिसऱ्या दिवशी परत विचारा. माझ्या अनुभवात माणूस दुसऱ्यांदा विचारल्यावर बोलतो. पहिल्यांदा त्याला वाटतं, हा नुसता विचारायचं म्हणून विचारतोय.

बोलायला लागण्याआधी एक वाक्य मी सांगतोच, आणि ही समुपदेशक ताईंनी दुरुस्त केलेली पहिली चूक. मी 'कुणालाही सांगणार नाही' असं सरसकट वचन द्यायचो. ते देऊ नका, कारण पाळता येईलच असं नाही. आता मी म्हणतो: 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी एकट्याने ते सांभाळणार नाही, मदत बोलावीन, आणि बोलावण्याआधी तुम्हाला सांगेन.'

सल्ल्यांचा फळा

अडीच तासांतला सगळ्यात मोठा भाग मी ऐकण्याच्या सरावाला देतो. तीन-तीन खुर्च्या लावायच्या. एकाने स्वतःची एखादी खरी पण छोटी अडचण सांगायची, दुसऱ्याने पाच मिनिटं ऐकायचं, तिसऱ्याने घड्याळ घेऊन बसायचं. ऐकणाऱ्याला एकच अट: सल्ला द्यायचा नाही. दिला की तिसऱ्याने तो फळ्यावर लिहायचा.

आजवरचा विक्रम पर्चेसच्या एका क्लार्कचा आहे, ४० सेकंद. समोरचा म्हणाला, 'रात्री झोप लागत नाही,' आणि ह्याने लगेच, 'पहाटे उठून चालायला जा.' फळा दर वेळी साधारण सारखाच भरतो: योगा कर. गावाला जाऊन ये. मोबाईल बंद ठेव. लग्न कर. (लग्न झालेल्याला: बदली घे.) जास्त विचार करू नकोस. आमच्या वेळी तर यापेक्षा वाईट होतं. शेवटची दोन वाक्यं तर सल्लेही नाहीत, गप्प बसवण्याचे प्रकार आहेत. फळा वाचून लोक हसतात, मग थोड्या वेळाने हसणं थांबतं, कारण प्रत्येकाला आठवतं की हे वाक्य आपल्यालाही कुणीतरी ऐकवलं होतं.

मग करायचं काय? थांबायचं. समोरचा गप्प झाला तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. त्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दांत परत सांगून बघायचं: 'म्हणजे घरी गेल्यावरही हिशेबच डोक्यात फिरत राहतो?' चुकलं असेल तर तो दुरुस्त करेल. 'मग?', 'पुढे?', 'हं' एवढं पुष्कळ असतं. रडला तर रडू द्यायचं, पाणी पुढे करायचं, पाठीवर हात ठेवायचा की नाही ते माणूस बघून ठरवायचं. बाईमाणूस असेल तर विचारल्याशिवाय नाहीच.

तो एक प्रश्न

समोरचा माणूस 'आता काही अर्थ राहिला नाही', 'माझ्यावाचून कुणाचं अडणार नाही', 'सुटलो म्हणजे झालं' असं बोलला, सगळ्यांची देणी चुकती करायला लागला, जपलेल्या वस्तू वाटायला लागला, तर सरळ विचारावं लागतं. इथे आपली मराठी आडवी येते. आपण विचारतो: 'काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?' वाक्यातच 'नाही' घातलंय आणि मागे 'ना' जोडलाय. समोरच्याला 'नाही' म्हणण्यावाचून दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. शिवाय त्याच्या मनातल्या गोष्टीला आपण वेडंवाकडं म्हणून मोकळे झालो. मीही तसंच शिकवत होतो. ताईंनी दुरुस्त केलेली दुसरी चूक हीच.

प्रश्न असा: 'तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?' किंवा 'जीव द्यावासा वाटतो का?' इतका सरळ. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही, हे संशोधनाने तपासलेलं आहे. उलट कुणीतरी नाव घेतलं म्हणून ओझं थोडं उतरतं. पण हे वाक्य पहिल्यांदा उच्चारताना जीभ जड होते. म्हणून मी बॅचमधल्या प्रत्येकाला ते एकमेकांच्या डोळ्यांत बघून तीन वेळा मोठ्याने म्हणायला लावतो. पहिल्यांदा कुजबुजतात, दुसऱ्यांदा घाईने उरकतात, तिसऱ्यांदा नीट निघतं. बॅच कितीही घाईची असली तरी हा भाग गाळू नका.

उत्तर 'हो' आलं तर? दचकू नका, 'असं बोलू नये' म्हणू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. 'सांगितलंत ते बरं झालं' म्हणा. कसं, कधी, काही ठरवलंय का ते विचारा. ठरवलेलं असेल तर माणसाला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, पाणी आणायलाही दुसऱ्याला पाठवायचं. ज्याने इजा होईल ते त्याच्यापासून लांब ठेवायचं. घरच्यांपैकी त्याचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना बोलवायचं, त्याला गाडी चालवू द्यायची नाही, आणि सोबत रुग्णालयात जायचं. गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२.

लोक इथे पोलीस केसची भीती घालतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, धरायचं, आणि त्यासाठी त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. हे मी छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

छातीवर हात ठेवून बसलेली ताई

गेल्या मार्चमध्ये ऑडिटच्या आदल्या दिवशी अकाउंट्समधली एक ताई अचानक उठली, भिंतीला धरून खाली बसली. श्वास धापा टाकल्यासारखा, हाताला मुंग्या, 'मी मरतेय' म्हणत होती. सात-आठ माणसं गोळा झाली आणि कुणीतरी कॅन्टीनमधून कांदा आणला. कांदा आमच्या नाशिकचा असला तरी नाकाला लावायचा नाही. चप्पलही नाही, प्लास्टिकची पिशवी तर नाहीच.

पहिलं काम गर्दी हटवणं. दुसरं, हे हृदयाचं असू शकतं हे धरून चालणं. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, घाम फुटलाय, किंवा असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, तर आपण डॉक्टरकी करायची नाही, सरळ १०८. त्या ताईला हे आधी दोनदा झालं होतं, तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी पॅनिक अटॅक म्हणून सांगितलेलं होतं. ते तिनेच सांगितलं. मग मी शेजारी जमिनीवर बसलो. 'मी इथेच आहे. हे उतरणार आहे. माझ्याबरोबर श्वास सोडा.' श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर भर, सावकाश, मी बोटांवर मोजत. दहा मिनिटांत जोर ओसरला. 'शांत व्हा, शांत व्हा' असं ओरडत राहिलो असतो तर तिला अर्धा तास लागला असता.

दारूचं थोडक्यात. पिऊन आलेल्या माणसाशी त्या दिवशी चर्चा करायची नाही, त्याला सुखरूप घरी पोचवायचं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, शुद्धीत असताना. आणि रोज पिणाऱ्याला 'आजपासून थेंबही घ्यायचा नाही' अशी शपथ घालू नका. एकदम बंद केल्याने थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं, तिथून परतलेले दोघे आमच्याकडे आजही कामाला आहेत.

पुढे कुठे न्यायचं

इथे माहिती तयार हवी, 'कुठेतरी दाखवून घ्या' चालत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर: केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी बॅचमध्ये एकाला सगळ्यांसमोर तो नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावतो, मग बाकीचे आपोआप करतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना माहीत असतात, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तीच येतात म्हणून ते घाबरतात. बहुतेकांना तिथवर जायची गरज पडत नाही.

औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक. कुणाकडे आधी, हा वाद घालत बसू नका, ज्याची वेळ लवकर मिळेल तिथे जा. पहिल्या दिवशी सोबत जा. मी एकाबरोबर सिव्हिलला दोन तास नंबर लावून बसलो होतो. आम्ही फार काही बोललो नाही, क्रिकेटच बोललो. पण तो एकटा आला असता तर पाऊण तासात उठून गेला असता, असं त्यानेच नंतर सांगितलं.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, काही फरक नाही, सोडून देतो. हा टप्पा सहकाऱ्याने सांभाळायचा: 'डॉक्टरांना विचारून मग काय ते ठरवू.' बरं वाटल्यावरही तेच.

कागदपत्रांबद्दल. रजेच्या अर्जावर 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' एवढं आम्ही चालवतो, त्यापुढे विचारत नाही. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायला सांगितलंय. तुमच्या ग्रुप मेडिक्लेमचा कागद एकदा उघडून बघा आणि एचआरला विचारा.

शिकवणीने काय होत नाही

आमच्याकडे एका वर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन साजरा झाला. रांगोळी, केक, भाषण. ११ तारखेला ओपीडीतून अकरा वाजता आलेल्या माणसाला लेट मार्क लागला. लावणारा मीच. नियमच तसा होता. माणसाला आजारी पाडणारं काम तसंच ठेवून वर ऐकणारी माणसं नेमली, तर ती माणसंही वर्षभरात थकतात. मी तीन मीटिंगांत एकच मुद्दा धरला, तेव्हा ओपीडीचा केसपेपर दाखवणाऱ्याला लेट मार्क न लावायचं ठरलं. एवढंच मिळालं. तुम्हीही शिकवणी घ्यायच्या आधी साहेबांकडून असं एखादं काहीतरी लिहून घ्या.

आणि ऐकणाऱ्याचंही कुणी ऐकायला हवं. आम्ही सहाजण महिन्यातून एकदा बाकड्यावर बसतो, कुणाचंही नाव न घेता, नुसतं आपल्याला काय झालं ते बोलतो.

पेटीतून ॲसिडिटीच्या गोळ्या मी आजही देतो. पाच वेळा एकच नाव आलं की सहाव्या वेळी गोळी देताना खुर्ची ओढतो. झाकणाच्या आत १४४१६ लिहिलेला कागद लावलाय, खाली फाडून नेता येतील अशा १२ पट्ट्या कापून. कागद लावला गणपतीच्या सुमारास. परवा मोजल्या तर पाच गेलेल्या. त्यांची नोंद वहीत करत नाही.